काठीवरचे पिवळे फडके

"आज त्या यंत्रावर लाल दिवा लागला ना," बर्फाची रिकामी गोणी स्कूटरवर टाकत रसिमान म्हणाला, "तर तुझं हे पाल्याचं पातेलं मी स्वतः गटारात ओतीन. उद्यापासून परत क्लोरीन. मग कुरकुर ऐकून घेणार नाही."

"आणि हिरवा लागला तर?" वार्तिनीने विचारले.

"लागायचा नाही."

"पण लागलाच तर?"

"अगं, पानांनी जंतू मरत असते तर एकही बकरी कधी आजारी पडली नसती!"

या वाक्यावर रसिमान स्वतःच इतका खूश झाला, की समोरच्या घरालाही ऐकू जावे म्हणून त्याने ते पुन्हा एकदा मोठ्याने म्हटले. वार्तिनीने झारा उगारला. "जा आता! आणि निकाल लागेपर्यंत मला तोंड दाखवू नका!"

नवरा-बायकोचा बाक्सोचा, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांचा, धंदा होता. वोनोगिरी गावाहून दोघे जकार्ताच्या पूर्वेकडच्या या गल्लीत आले तेव्हा एक हातगाडी होती. आता घरामागे पत्र्याची शेड होती, खिमा मळायचे यंत्र होते आणि स्टीलची लांबलचक टेबले होती. खिमा, बर्फ आणि पीठ एकत्र मळायचे, गोळे वळायचे आणि उकळत्या पाण्यात सोडायचे, असे हे रोजचे काम. टेबलावर कालचा जंतू राहिला तर आजच्या खिम्यात शिरतो, म्हणून रसिमान रोज टेबलांवर क्लोरीन ओतायचा, आणि फार सढळ हाताने ओतायचा. एकदा एका जुन्या गिऱ्हाइकाने गोळा तोंडात टाकला, थोडा वेळ विचार केला आणि अदबीने म्हणाला, "पाक रसिमान, हे तुम्ही पोहायच्या तलावात उकडता का हो?" रसिमान हसण्यावारी नेऊन मोकळा झाला. वार्तिनीला मात्र रात्रभर झोप आली नाही.

तेव्हापासून तिने पानांचा ध्यास घेतला. विड्याची पाने, लवंगा, गवती चहा आणि परसातल्या बोरीचा पाला. कधी हे जास्त, कधी ते कमी, असे करत करत तिने काढा जमवून आणला. त्याने पुसलेल्या टेबलाला दुसऱ्या दिवशी वास नसायचा, बुळबुळीतपणा नसायचा, आणि गोळ्याला गोळ्याचीच चव यायची. तिचे हातसुद्धा भेगाळायचे थांबले. आता एका मोठ्या इस्पितळाचे स्वयंपाकघर रोज त्यांचे बाक्सो घ्यायला तयार झाले होते. अट एकच होती. आरोग्य खात्याचे पाक हेंदार्तो आज येऊन टेबलांवर कापसाची काडी फिरवणार, काडी यंत्रात घालणार, आणि यंत्राने हिरवा दिवा दाखवायला हवा. लाल लागला तर इस्पितळ गेले आणि काढाही गेला. इस्पितळ गेल्याचे दुःख दोघांनी वाटून घेतले असते, पण काढ्याचे तिला एकटीलाच झाले असते.

म्हणून सकाळपासून तिच्या अंगात वारे शिरले होते. सगळी टेबले तिने तीन-तीनदा पुसली. आरोग्य खात्याच्या शिबिरात सांगितले होते, की फरशीला लाल फडके, मोरीला निळे आणि जिथे अन्न ठेवायचे तिथे पिवळे. तेव्हा टेबलांना पिवळे. मळायच्या यंत्राचे पिंप खोल, तळाशी हात पोहोचत नाही, म्हणून तिने बांबूच्या काठीच्या टोकाला एक पिवळे फडके घट्ट बांधले होते. पिंप घासून झाल्यावर ते वाळवायला हवे होते, कारण ओले फडके म्हणजे जंतूंचे माहेर, असे ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. पण त्यांच्या गल्लीत पत्र्याला पत्रा भिडलेला. ऊन म्हणून पडते ते गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबापाशी. वार्तिनी धावत तिथे गेली, काठी खांबाला उभी बांधली आणि धावत परत आली.

आता गल्लीच्या तोंडाशी काठीला पिवळे फडके बांधलेले दिसले, की आत कोणीतरी गेले, हे जकार्तात कोणालाही सांगावे लागत नाही. वाहने आपोआप हळू होतात, माणसे टोप्या काढतात. वार्तिनीलाही हे चांगले ठाऊक होते. या गल्लीत राहून तिने अशी फडकी काही कमी पाहिली नव्हती. पण त्या सकाळी तिच्या डोक्यात जंतूंखेरीज कशालाच जागा नव्हती.

ते फडके पहिल्यांदा पाहिले शेजारच्या बू रोहायांनी, म्हणजे रोहायाबाईंनी. बाजारातून येताना त्या खांबाशी थबकल्या. कोण गेले असेल? एकेका घराकडे बघत त्या आत आल्या आणि वार्तिनीच्या परसात डोकावल्या. तिथे चुलीवर भले मोठे पातेले रटरटत होते आणि त्यात बोरीचा पाला तरंगत होता. मयताला आंघोळ घालायच्या पाण्यात टाकतात तोच पाला! पातेल्याशी उभी असलेली वार्तिनी ओढणीने डोळे पुसत होती. लवंगेच्या वाफेने तिचे डोळे लालभडक झाले होते, पण हे बू रोहायांना कोण सांगणार? रसिमानचा कुठे पत्ता नव्हता. आणि कालच एका लग्नात त्याला छातीवर हात दाबून बसलेला त्यांनी स्वतः पाहिला होता. तिखट चटणी तिसऱ्यांदा वाढून घेतल्यावर माणूस तसाच बसतो, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

बू रोहायांनी काही विचारले नाही. अशा वेळी विचारायचे नसते, कामाला लागायचे असते. त्यांनी पुढे होऊन वार्तिनीला फक्त छातीशी धरले.

"मन घट्ट कर गं बाई."

"सकाळपासून तेच करतेय," वार्तिनी म्हणाली. तिला वाटले, शेजारणीला तपासणीची केवढी काळजी! तिचा ऊर भरून आला. "आता जे व्हायचं ते होईल. मी माझ्या हातांनी सगळं केलंय."

"एकटीनं?" बू रोहायांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. "आम्ही काय मेलो होतो? थांब तू. आता तू काही बघायचं नाहीस."

त्या तडक गल्लीचे प्रमुख पाक मुर्सालीन यांच्याकडे गेल्या. पाक मुर्सालीन म्हणजे कामाचा उरक असलेला माणूस. लग्न असो, पूर असो, की मयत, त्यांना फक्त खबर मिळायला हवी. त्यांनी चपला घालता घालताच चार जणांना मंडपाच्या ताडपत्रीला धाडले, चार जणांना खुर्च्यांना आणि चार जणांना फावडी देऊन कबरस्तानात. आणि स्वतः मशिदीत जाऊन भोंग्यावरून पाक रसिमान अल्लाला प्यारे झाल्याचे खणखणीत आवाजात साऱ्या वस्तीला कळवले.

ते ऐकले नाही फक्त दोघांनी. रसिमान बर्फाच्या वखारीत होता आणि तिथे बर्फ फोडायच्या यंत्रापुढे दुसरे काहीच ऐकू येत नाही. वार्तिनीने मळायच्या यंत्राच्या पिंपात कढत काढा ओतून ते सुरू केले होते. त्या खडखडाटात कानाशी भोंगा धरला असता तरी तिला पत्ता लागला नसता.

पिंप धुऊन झाले, यंत्र थांबले, वार्तिनीने मान वर केली. आणि तिला दिसले ते पाहून तिच्या हातातली बादली खाली पडली.

शेड बायकांनी फुलली होती. मयताच्या घरी चूल शेजारणींनी सांभाळायची असते. वार्तिनीचे स्वयंपाकघर टीचभर, मागे मात्र लखलखीत स्टीलची टेबले रिकामी पडलेली. मग काय! एका टेबलावर कोबीचा ढीग, दुसऱ्यावर मातीसकट रताळी, तिसऱ्यावर सोललेल्या कोंबड्या पाय वर करून पडलेल्या, आणि चौथ्यावर एक आजीबाई टेकून, खरे तर चढूनच बसलेल्या आणि लसूण सोलत होत्या.

"हात काढा!" वार्तिनी किंचाळली. "हात काढा सगळ्या! अहो, ही आत्ता पुसलीत मी! आजी, उतरा आधी खाली!"

"रडू दे, रडू दे तिला," आजीबाई म्हणाल्या. "साठवून ठेवलं तर बाधतं."

"मी रडत नाहीये! ते यायची वेळ झाली! ते आले आणि त्यांनी हे बघितलं तर काय म्हणतील?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. बू रोहाया हळूच म्हणाल्या, "तो आता यायचा नाही गं पोरी. आता आपण त्याला पोचवायचं."

"कोणाला पोचवायचं?"

मग आजीबाईंनीच लसूण खाली ठेवला आणि सांगितले, "रसिमानला. भोंग्यावर सांगितलं ना मघाशी."

वार्तिनी मटकन खाली बसली. बाहेर ताडपत्री लागलेली तिला दिसत होती. खुर्च्यांवर डोकी खाली घालून बसलेली माणसे दिसत होती. साऱ्या वस्तीला कळले आणि तिलाच कळले नव्हते! स्कूटर. तो मोठ्या रस्त्यावरचा चौक. तरी ती रोज बजावायची, की बर्फाची गोणी पायाशी ठेवून चालवत जाऊ नका. आणि आज काय म्हणाली होती ती? तोंड दाखवू नका. हेच तिचे शेवटचे बोलणे! टेबले, दिवा, इस्पितळ सगळे तिच्या डोक्यातून पार धुऊन निघाले आणि तिने असा काही हंबरडा फोडला, की आजीबाईंनी समाधानाने मान डोलावली.

नेमका त्याच वेळी रसिमान गल्लीच्या तोंडाशी पोहोचला. पिवळे फडके पाहून त्याने रिवाजाप्रमाणे टोपी काढली आणि स्कूटर हळू केली. 'कोणाचं बिचाऱ्याचं?' असे मनाशी म्हणत तो आत शिरला, तर ताडपत्री त्याच्याच दाराला! खुर्च्या त्याच्याच अंगणात! घरात माणसे दोन, त्यांतला एक तो स्वतः इथे धडधाकट स्कूटरवर बसलेला. हिशोब करायला त्याला वेळ लागला नाही. स्कूटर जिथल्या तिथे आडवी झाली, बर्फ सांडला, उरलेली गोणी त्याने उगीचच छातीशी कवटाळली आणि धावत सुटला.

"वार्तिनी! वार्तिनी गं! मला सोडून कशी गेलीस!"

खुर्च्यांवरच्या माणसांनी मान वर केली. मयत धावत येताना बघून पुढच्या रांगेतले तिघे खुर्च्यांसकट मागे कोलमडले. पाक मुर्सालीन तेवढे उभे राहिले आणि त्यांनी आधी मशिदीच्या भोंग्याकडे पाहिले. भोंग्यावरची बातमी मागे घेण्याची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

"मी दुष्ट आहे!" रसिमान अंगणाच्या मधोमध गुडघ्यांवर बसला. "तिचं काही ऐकलं नाही मी! पातेलं गटारात ओतीन म्हणालो! सगळ्यांसमोर सांगतो, आजपासून या घरात क्लोरीनचा थेंब येणार नाही! पानंच वापरीन! झाडच्या झाडं आणीन! नुसती एकदा ऊठ!"

आवाज ओळखून वार्तिनी शेडमधून बाहेर आली. तिचे केस सुटलेले, डोळे सुजलेले, हातात काढ्याचे फडके. तिला पाहून रसिमान ओरडला, त्याला पाहून ती ओरडली, आणि मग भर अंगणात, गल्लीदेखत, दोघांनी एकमेकांना गच्च मिठी मारली. मधली बर्फाची गोणी काढायचे दोघांच्याही ध्यानात आले नाही. बू रोहायांना इतके रडू आले, की शेवटी वार्तिनीनेच त्यांना पाणी दिले.

फडक्याचा उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. काठी सोडून आणली गेली, फडके हुंगले गेले, त्याला विड्याच्या पानाचा वास येतो हे चार शहाण्या माणसांनी मान्य केले. मग जो हशा उसळला तो थांबता थांबेना. आणि त्या हशातून मागच्या रांगेतली एक व्यक्ती उठून उभी राहिली. पांढरा सदरा, काखेत पेटी, हातात अर्धा खाल्लेला तांदळाचा केक.

"माफ करा," पाक हेंदार्तो म्हणाले. "मी बराच वेळ बसलोय. अशा प्रसंगी तपासणीचं कसं काढायचं, म्हणून गप्प होतो. पण आता कोणी गेलेलंच नाही, तर... तपासणी करायची का?"

वार्तिनीने मागे वळून पाहिले. शेडमध्ये कोबी, माती, कोंबड्या आणि आजीबाई.

"नंतर नाही का येता येणार?" रसिमानने विचारले.

"येईन की. पण इस्पितळाला उत्तर आजच द्यायचंय. नाहीतर ते दुसऱ्याकडून घेतील." त्यांनी हातातल्या केककडे पाहिले. अर्धा टाकून निघून जावे, असा तो केक नव्हता. "तरी एवढा संपेपर्यंत मी काही उठत नाही. आणखी एखादा मिळाला तर तोही खाईन म्हणतो."

बस्स! वार्तिनीने बाह्या सरसावल्या.

"बू रोहाया, यांना केक द्या! भरपूर द्या! कोंबड्या उचला! रताळी बाहेर! आजी, तुम्ही लसूण घेऊन सरळ ओसरीवर! आणि कोणी कशाला हात लावायच्या आधी इथे या, पातेल्याशी, कोपरापर्यंत हात बुडवा!"

मयताला जमलेली माणसे ती. कामाला हात लागत नव्हता म्हणून चुळबुळत बसलेली! सगळी उठली. पातेल्याशी रांग लागली, परसात विड्याच्या पानाचा आणि लवंगेचा घमघमाट सुटला. गरम पाणी, साबण, मग काढा, मग पिवळे फडके. बायका घासत होत्या, बाप्ये बादल्या पोचवत होते. पाक मुर्सालीन यांना हुकूम सोडायची सवय, पण तिथे हुकूम फक्त एकीचा चालत होता. "पाक, कडेनं पुसा! कडेनं! जंतू काय मधोमध बसून तुमची वाट बघतात?" आणि एवढा मोठा माणूस मुकाट्याने कडेने पुसू लागला. रसिमान तर यंत्राच्या पिंपात कमरेपर्यंत शिरून काठी चालवत होता. आतून त्याचा आवाज यायचा, "हे बघ, चकाकतंय! वार्तिनी, चकाकतंय बघ!" एवढी लगबग त्या शेडने कधी पाहिली नव्हती.

पाक हेंदार्तोंनी शेवटचा घास गिळला, हात धुतले, हातमोजे चढवले. सगळे भिंतींना चिकटून उभे राहिले. त्यांनी मधले टेबल निवडले, त्याच्या कोपऱ्यावर कापसाची काडी फिरवली आणि यंत्रात घातली. यंत्र जरा वेळ गप्प राहिले आणि मग लाल झाले.

वार्तिनीला सकाळचे रसिमानचे वाक्य आठवले. म्हणजे तो खरे बोलत होता. म्हणजे बकऱ्या.

ती टेबलापाशी गेली. वाकून, गाल जवळजवळ टेबलाला लावून तिने कोपरा निरखला. स्टीलवर ओलसर असा एक अख्खा पंजा उमटलेला होता, पाच बोटांसकट. तिने सावकाश मान वळवली. रसिमान पिंपातून बाहेर येताना आधारासाठी जिथे टेकला होता, तिथेच तो अजून उभा होता, आणि त्याचा दुसरा पंजा आत्ताही टेबलावरच होता.

"हात धुतले होते तुम्ही?"

"मी?" रसिमान म्हणाला. "मी तर घरचाच."

पुढच्या क्षणी घरच्या माणसाचे दोन्ही हात काढ्यात होते आणि सगळी गल्ली त्याच्यावर ओरडत होती. पाक हेंदार्तोंनाही हसू आवरेना. पंजा पुसला गेला, टेबल पुन्हा धुतले गेले, रसिमानला हात वर करून दाराबाहेर उभे करण्यात आले. दुसरी काडी. यंत्र गप्प. मग हिरवा! कोंबड्यांच्या टेबलावर हिरवा, रताळ्यांच्या टेबलावर हिरवा, आजीबाई बसल्या होत्या तिथेसुद्धा हिरवा! प्रत्येक दिव्याला असा काही जल्लोष झाला, की पलीकडच्या गल्लीतली माणसे मयताला एवढा आनंद कसला, म्हणून बघायला आली. वार्तिनी मात्र नुसती दिव्याकडे बघत उभी होती.

आणलेले वाया कशाला घालवायचे, म्हणून ते शिजवले, जोडीला वार्तिनीने बाक्सो उकडले आणि सगळी तिथेच जेवायला बसली. दोन वाडगे बाक्सो पोटात गेल्यावर रसिमानच्या अंगात जुना रसिमान हळूहळू परत आला.

"तसं बघितलं तर," तो रस्सा ओढत म्हणाला, "क्लोरीनचा तो नवा निळा डबा अजून फोडलेलासुद्धा नाही. ठेवू कोपऱ्यात, अडीनडीला."

"भर अंगणात शब्द दिलात तुम्ही," वार्तिनी म्हणाली.

"तो मी मेलेल्या बायकोला दिला होता. जिवंत बायकोला काही बोललेलो नाही."

पाक मुर्सालीन यांनी घसा खाकरला. त्यांच्यापुढे एक वेगळाच पेच उभा होता आणि तो कधीतरी बोलून दाखवणे भागच होते. "पाक रसिमान, पोरं कबरस्तानातून आलीत. कबर खणून तयार आहे. चांगली खोल आहे, जागाही सावलीतली आहे." रसिमानचा चमचा हवेतच राहिला. "आता खणलेली कबर तशीच उघडी ठेवता येत नाही, हे तुम्हीही जाणता. ज्याच्या नावानं खणली त्याला ती हाका मारत राहते, म्हणतात. काहीतरी आत जायलाच हवं."

"केळीचा खुंट पुरतात की," आजीबाई म्हणाल्या.

"केळी कुठंय आपल्या गल्लीत?"

रसिमानने वाडगा खाली ठेवला आणि वार्तिनीकडे पाहिले. ती त्याच्याकडे पाहत नव्हती. ती शेडच्या कोपऱ्यातल्या निळ्या डब्याकडे पाहत होती, अगदी शांतपणे.

रसिमान उठला, डबा उचलून खांद्यावर घेतला आणि चालू लागला. मागून पाक मुर्सालीन निघाले, फावडेवाले निघाले, आणि नको नको म्हणताना निम्मी गल्लीही निघाली. डबा खाली ठेवून झाल्यावर पहिली मूठ माती रसिमाननेच टाकली. तो तिथे अपेक्षेपेक्षा जरा जास्तच वेळ उभा राहिला.

परत आला तेव्हा वार्तिनी पातेले घासत बसली होती. तो पायरीवर टेकला, हात पुढे केले, तिने त्यावर काढा ओतला. त्याने आपणहून कोपरापर्यंत हात चोळले.

"उद्या बाजारातून विड्याची पानं किती आणायची?" त्याने विचारले.

वार्तिनीने त्याला पुन्हा एकदा विचारायला लावले आणि मगच सांगितले.